मीच घालवली

१

पळसखोंडच्या कातकरवाडीतल्या सावळ्या हिलमनं खून केला आहे, हे त्याच्या गावाला सोळा वर्षं ठाऊक नव्हतं. ऑक्टोबरमधल्या एका शुक्रवारी ते सगळ्यांना मोबाइलवर कळलं, आणि शनिवारी सकाळपासून त्याला भाताच्या झोडणीला कुणी बोलावेनासं झालं.

वत्सलाबाईंना हे सांगितलं सावळ्याच्या लेकीनं, गुणानं. गुणा शहापूरच्या बाजारात रानभाजी घेऊन बसायची आणि वत्सलाबाई तिच्या जुन्या गिऱ्हाईक. त्या दिवशी मात्र ती टोपलीशिवाय आली, दारातच टेकली आणि म्हणाली, "बाय, तुमी कोर्टात व्हतात ना?"

वत्सलाबाई कोर्टात होत्या खऱ्या, पण न्यायाधीश नाही की वकील नाही. एकतीस वर्षं त्यांनी साक्षीदारांचे जबाब टाइप केले होते. 'हे म्हणणे खरे नाही की, मी खोटे सांगत आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा बडवलं होतं की बोटं ते झोपेतही बडवतील. समोरचा साक्षीदार रडो की शपथा घेवो, बाईंची नजर कागदावर. निवृत्त झाल्या तरी स्वभाव तोच राहिला. वत्सलाबाईंना वाईट वाटलंय हे कळायला पंचांग बघावं लागतं, असं शेजारणी म्हणत.

गुणानं मोबाइल पुढे केला. 'गिरजा कुठे गेली?' नावाची चार भागांची शोधमालिका होती. प्रणित नावाच्या कल्याणच्या दिग्दर्शकानं ती केली होती. तीन भाग येऊन गेले होते, चौथा येत्या शुक्रवारी येणार होता, आणि त्यात 'गुन्हेगाराचं नाव' सांगणार असं जाहिरात बजावत होती.

हकिगत एवढीच होती. दोन हजार नऊच्या जुलैत, ऐन आवणीच्या दिवसांत, सगळं गाव भात लावायला शेतावर असताना देवरामची बायको गिरजा घरातून नाहीशी झाली. तिच्या चपला उंबऱ्याशी तशाच होत्या. पोलिसांत तक्रार झाली, शोध झाला, हाती काही लागलं नाही. सावळ्या तेव्हा देवरामकडे गडी होता, पण त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या भागाच्या शेवटी सावळ्या आपल्या झोपडीसमोर बसलेला दिसतो. प्रणित त्याला विचारतो, "गिरजाचं तुम्ही काय केलंत?" सावळ्या खाली बघतो. मग मान वर करून म्हणतो, "मीच घालवली तिला." खाली पांढऱ्या अक्षरांत उमटतं: 'मीच तिला संपवली.' आणि पडदा काळा होतो.

"बा बोलतो, भट्टीवर जातो आमच्यासंगं," गुणा म्हणाली. "सत्तर वर्षांचा मानूस विटा काय उचलनार? नि गेला तर सगळी बोलतील, पळाला."

आठ-दहा दिवसांत वाडीतली माणसं वीटभट्टीवर निघणार होती. वत्सलाबाईंनी चष्मा पुसला आणि शेवटची दोन मिनिटं पुन्हा लावायला सांगितली.

२

ती दोन मिनिटं त्यांनी त्या दुपारी सतरा वेळा पाहिली. गुणा कंटाळून भिंतीला टेकली होती.

वत्सलाबाईंना माणसाच्या चेहऱ्यावरून काही कळतं यावर विश्वास नव्हता. चेहऱ्यावरून ओळखणारे साहेब त्यांनी पुष्कळ पाहिले होते आणि वरच्या कोर्टात त्यांचे निकाल फिरलेलेही पाहिले होते. म्हणून त्या सावळ्याकडे बघतच नव्हत्या. त्या त्याच्या मागच्या वाफ्याकडे बघत होत्या.

त्यांचं माहेर किन्हवलीचं. आपल्या भागात भाताचं रोप टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात पाला, शेण, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि ते जाळतात. याला राब भाजणं म्हणतात. राब वर्षातून एकदाच भाजतात आणि भाजलेली जागा पावसापर्यंत काळीच राहते. शहरातून आलेल्या माणसाला तो उकिरडा वाटला तर नवल नाही.

"गुणा, इकडे ये. प्रश्न विचारणाऱ्याच्या मागे काय दिसतंय?"

"राब. भाजलेला हाय."

"आता बाबा उत्तर देतोय. मागे बघ."

गुणानं मोबाइल डोळ्यांजवळ नेला. वाफा तोच होता, कडेचा सागही तोच. पण वाफ्यावर ऐनाच्या डहाळ्यांचा आणि पाल्याचा गुडघाभर थर होता, कोरडा, न पेटवलेला.

"हा तर भाजायचा हाय अजून," ती हळू म्हणाली.

निवेदक तर छाती ठोकून सांगत होता की सगळं चित्रण याच वर्षी मार्च ते मे झालं. म्हणजे गेल्या वर्षीच्या राबाची भानगड नव्हती. सावळ्यानं उत्तर दिलं तेव्हा राब भाजायचा होता, आणि प्रश्न विचारला गेला तेव्हा तो भाजून झाला होता. माणसानं उत्तर आधी दिलं होतं आणि त्याला प्रश्न मागाहून विचारला होता.

वत्सलाबाईंना यात फारसं आश्चर्य वाटलं नाही. कोर्टातही जबाब लिहिताना वकिलाचा प्रश्न गाळतात आणि साक्षीदाराचं उत्तर तेवढं सरळ वाक्यात घेतात. प्रश्न गाळला की उत्तराचा रंग कसा बदलतो ते त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. पण गाळलेल्या जागी दुसराच प्रश्न आणून चिकटवण्याचं धाडस त्यांच्या कोर्टात कुणी केलं नव्हतं.

"उद्या तुझ्या घरी येते," त्या म्हणाल्या. "खरा प्रश्न काय होता ते बाबालाच विचारू."

३

डोळखांबच्या रस्त्यावर पळसखोंड फाट्याला त्या उतरल्या तेव्हा खळ्याखळ्यांवर भात झोडणं चालू होतं. देवरामचं घर वाटेवरच होतं. त्या आधी तिथे गेल्या.

देवराम आता गावातलं बडं प्रस्थ होता. त्यानं दुसरं लग्नही केलं होतं. त्यानं बाईंना खुर्ची दिली, चहा दिला, आणि कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या बायकी चपला काढून दाखवल्या. "अनवाणी गेली बिचारी," तो म्हणाला. "म्हंजे गेली नाय, नेली. चपला सोडून कोन जातं?" मालिकेच्या पहिल्या भागात तो हेच बोलला होता, याच जागी थांबला होता आणि डोळेही असेच पुसले होते. वत्सलाबाईंनी चपला नीट पाहिल्या आणि चहा संपवून उठल्या.

सावळ्या वाडीत झोपडीच्या दारात गोधडीचं बोचकं बांधत बसला होता. त्यानं पाहुणीकडे पाहिलंही नाही. तुमच्याविरुद्ध काही लिहून घ्यायला आले नाही, हे त्याला पटवण्यात अर्धा तास गेला. मग वत्सलाबाईंनी विचारलं, की तुम्ही 'मीच घालवली' म्हणालात, ते कोणत्या प्रश्नाला?

"तो इचारत व्हता, गिरजा ठेसनापत्तुर एकटीच गेली का. मी बोललो, मीच घालवली तिला. आटगावला, पायवाटनी."

वत्सलाबाईंना किन्हवली आठवली. माहेराहून निघताना त्यांचा भाऊ एसटीच्या फाट्यापर्यंत यायचा, आणि आई मागून ओरडून सांगायची, ताईला नीट घालव रे. पाहुण्याला निरोप द्यायला सोबत जाणं म्हणजे घालवणं. हा शब्द शहापुरात कुणालाही कळतो. कल्याणच्या माणसाला न कळणंही शक्य होतं. चूक की लबाडी, एवढंच आता ठरायचं होतं.

देवराम तिला मारायचा, गोठ्यात कोंडायचा, हे गड्याला दिसत होतं. एक दिवस ती म्हणाली, सावळूदादा, मला वाट दाखव. त्यानं दाखवली. कल्याणकडे जाणाऱ्या गाडीत ती बसली, पुढचं त्याला माहीत नव्हतं. सोळा वर्षं झाली, आता सांगायला काय हरकत, म्हणून तो कॅमेऱ्यापुढे बोलला होता.

"तिच्या पायात काय होतं?" वत्सलाबाईंनी विचारलं.

सावळ्याचे हात बोचक्यावर थांबले. 

"माज्या चपला," तो शेवटी म्हणाला. "टायरच्या. रुळाची खडी लागत व्हती तिला. मोठ्या व्हत व्हत्या, म्हनून लुगड्याची चिंधी फाडून बांधल्या."

"हे फिल्मवाल्याला सांगितलंत?"

"नाय. कोनालाच नाय. कुनब्याच्या सुनेनं कातकऱ्याच्या चपला घातल्या, असा झाला असता. लोकांनी तिलाच नावं ठेवली असती."

वत्सलाबाईंनी गुणाचा मोबाइल घेतला आणि दुसरा भाग लावला. त्यात एक नटी गिरजा होऊन रानातून धावत होती. निवेदक गंभीर आवाजात सांगत होता, 'अनवाणी, एकटी...' आणि पडद्यावर नटीच्या पायात पुरुषी मापाच्या टायरच्या चपला होत्या, हिरव्या चिंधीनं घोट्याला बांधलेल्या.

ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातलं एक माणूस समोर बसून हे चित्र पहिल्यांदाच बघत होतं.

४

मालिकेच्या शेवटी नावं सरकतात, त्यात 'बोलीभाषा व उपशीर्षके' पुढे साईनाथचं नाव होतं. साईनाथ डोळखांबकडचाच, आता आसनगावला राहून ठाण्याला कामाला जाणारा. वत्सलाबाई त्याला संध्याकाळी आसनगाव स्टेशनाबाहेर रसवंतीच्या बाकड्यावर भेटल्या. शब्द फिरवला असेल तर यानंच, हा त्यांचा पहिला संशय होता, कारण बाकी कुणाला ती बोली येत नव्हती.

साईनाथनं आढेवेढे घेतले नाहीत. त्यानं मोबाइलमध्ये मेमधला मेसेज काढून दाखवला. प्रणितला पाठवलेल्या मजकुरात स्पष्ट होतं: 'मीच तिला सोडायला गेलो (स्टेशनवर).' खाली प्रणितचं उत्तर होतं, ओके.

"मग तो भाग बघून तू गप्प का बसलास?"

"नाव लागलं होतं ना माझं, मॅडम. पहिल्यांदाच." तो बुटाकडे बघत राहिला. "वाटलं, चौथ्या भागात सर खुलासा करतील. सस्पेन्स असतो म्हणतात."

म्हणजे चूक नव्हती, लबाडीच होती. वत्सलाबाईंनी मग दुसरंच विचारलं. चित्रणाच्या काळात प्रणित आणखी कुठे गेला होता का?

साईनाथ आठवून म्हणाला की एप्रिलमध्ये एकदा मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला गेले होते. एका शाळेच्या वसतिगृहाजवळच्या खोल्या होत्या. त्याला गाडीत बसवून सर आत दीड तास होते, आणि बाहेर येऊन म्हणाले, इथे काही मिळालं नाही.

"आणि मग?"

"मग काय नाय. दुसऱ्या दिवशी मला बाजारातून टायरच्या चपला आणायला सांगितल्या. मोठ्या मापाच्या."

५

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक बाई नाचणीचं पीठ चाळत होती. तिथे तिला सगळे अनिताताई म्हणत. वत्सलाबाईंनी मागून हळूच "गिरजा" म्हटलं, आणि तिच्या हातातली चाळण थांबली.

ती काही नाकारून बसली नाही. तिनं दार लोटलं आणि सगळं सांगितलं. पळाली तेव्हा तिला दोन महिने गेलेले होते. मुलगी इथेच मावशीकडे झाली, आता दहावीला होती. देवरामला मुलगी आहे हे कळलं तर तो हक्क सांगत येईल, याच भीतीनं तिनं नाव बदललं आणि सोळा वर्षं शहापूरची सीमा ओलांडली नाही. प्रणित आला तेव्हा तिनं त्याचे पाय धरले होते. माझा पत्ता सांगू नका. त्यानं मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला होता.

"पाळला त्यांनी शब्द," गिरजा म्हणाली. मालिका तिनं पाहिली नव्हती, हिंमतच झाली नव्हती.

वत्सलाबाईंनी तिला ती दोन मिनिटं दाखवली. गिरजानं ती एकदाच पाहिली. मग भिंतीवरच्या फळीवरून एक गाठोडं काढलं. आत टायरच्या झिजलेल्या चपला होत्या, एकीला हिरव्या चिंधीचा तुकडा अजून होता.

"सावळूदादा जेवतो का नीट?" तिनं विचारलं, आणि तोंड फिरवलं.

वत्सलाबाईंनी तिला कायद्याची एक गोष्ट सांगितली. सज्ञान बाई पोलिसांकडे जाऊन जबाब देऊ शकते की मी जिवंत आहे, स्वखुशीनं गेले, आणि माझा पत्ता घरच्यांना देऊ नका. पोलीस तेवढंच कळवतात. गिरजानं ऐकलं, पण मान हलवली नाही. पोलीस म्हटलं की गावाला कळणार, गाव म्हटलं की देवरामला. तिचं भय खोटं नव्हतं. बाईंनी आपला नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला आणि एसटी पकडली.

६

प्रणित स्वतःच शहापूरला आला. साईनाथनं त्याला फोन केला असावा. तिशीतला, मृदू बोलणारा माणूस. वत्सलाबाईंनी त्याला पाणी दिलं आणि जबाब वाचून दाखवावा तसं सगळं वाचून दाखवलं. मार्चमध्ये सावळ्यानं एका प्रश्नाला उत्तर दिलं. एप्रिलमध्ये तुम्हाला गिरजा सापडली. तिनं सांगितलेल्या चपला तुम्ही नटीच्या पायात घातल्या, कारण तेव्हा तुमची गोष्ट खरी होती. पण तिला शब्द दिला होतात, आणि त्यामुळे तुमच्या गोष्टीला शेवट उरला नाही. मेमध्ये तुम्ही भाजलेल्या राबापुढे उभं राहून नवा प्रश्न विचारलात. निवेदन बदललंत, चित्र बदलायचं राहून गेलं.

प्रणितनं नाकारलं नाही. उलट तो दुखावल्यासारखा दिसला. "मी तिला वाचवलं," तो म्हणाला. "जिवंत आहे म्हटलं असतं तर नवरा दुसऱ्या दिवशी तिथे असता. आणि मी खून हा शब्द कुठेही वापरलेला नाही, मॅडम. मालिकेच्या नावापुढे प्रश्नचिन्ह आहे. लोकांनी काय समजायचं ते लोकांनी ठरवायचं."

वत्सलाबाईंना राग आला. इतका राग त्यांना कोर्टात कधी आला नव्हता, आणि आता तो ठेवायचा कुठे हेही त्यांना कळेना. या माणसानं एका बाईला दिलेला शब्द पाळला होता, पण त्यासाठी दुसऱ्याचं तोंड वापरलं होतं. ज्याच्या बाजूनं ओरडायला कुणी नाही असा माणूस त्यानं त्यासाठी शोधून काढला होता.

"शुक्रवारचा भाग थांबवा," त्या म्हणाल्या.

"नाही थांबवला तर? राबाचं तुम्ही सांगाल, शब्दाचं सांगाल. लोक विचारतील, मग गिरजा कुठे आहे? तेव्हा तिला पुढे आणावं लागेल." तो उठला. "आणाल?"

७

वत्सलाबाईंनी तो प्रश्न जसाच्या तसा सावळ्यापुढे ठेवला. गिरजा जिवंत आहे, तुमच्या चपला तिनं जपून ठेवल्यात, एवढं आधी सांगितलं. म्हातारा बराच वेळ हसत होता, आवाज न करता. मग वत्सलाबाई म्हणाल्या की ती कुठे आहे एवढं मी गावात सांगितलं, तर तुमचं नाव आजच्या आज साफ होईल.

"नाय सांगायचा," सावळ्या म्हणाला. "मी घालवली तिला, ती परत आनाया नाय."

"आणि तुमचं नाव?"

"जावदे. मी भट्टीवर जातो."

त्यानं बोचक्याची गाठ आवळली. वत्सलाबाईंचे डोळे भरून आले. गुणानं ते पाहिलं आणि नंतर बाजारात सगळ्यांना सांगितलं, कुणाचा विश्वास बसला नाही.

घरी पोचल्यावर बाईंनी गिरजाला फोन लावला आणि सावळ्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत सांगितलं. सल्ला दिला नाही. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता.

"बाई," गिरजा म्हणाली, "उद्या सकाळी सुट्टी घेते. कुठं यायचं ते सांगा. पोरीलाही सांगते आता सगळं."

जबाबाचा मसुदा वत्सलाबाईंनी स्वतः टाइप केला. आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहिली. प्रश्न: आपण घरातून कोणाच्या सांगण्यावरून गेलात? उत्तर: माझ्या स्वतःच्या. प्रश्न: सावळ्या हिलम यांनी काय केले? इथे बाईंनी 'सुखरूप पोहोचवले' असं लिहिलं होतं. गिरजानं ते खोडायला लावलं आणि लिहिलं: घालवलं.

गुरुवारी पोलिसांनी देवरामला ग्रामपंचायतीत बोलावून लेखी कळवलं की त्याची पत्नी हयात आहे, स्वखुशीनं गेली होती, सावळ्या हिलमनं तिला सुखरूप आटगाव स्टेशनपर्यंत घालवलं होतं, आणि पत्ता देण्यास तिची हरकत आहे. मुलीचा त्यात उल्लेख नव्हता. पत्र सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं गेलं. देवराम चपलांची पिशवी घेऊन आला होता, ती तशीच घेऊन परत गेला. शुक्रवारी चौथा भाग आला नाही. पहिले तिन्ही भागही काढलेले होते, आणि त्या जागी 'तांत्रिक कारणास्तव' एवढंच लिहिलं होतं. माफी कुठेच नव्हती. प्रणितनं मात्र वत्सलाबाईंना फोन करून विचारलं की गिरजाच्या जबाबाचं चित्रण करता येईल का, चेहरा झाकून. बाईंनी फोन ठेवला.

रविवारी त्या जबाबाची प्रत घेऊन वाडीत गेल्या. सावळ्याला वाचता येत नव्हतं, त्यांनी दोनदा वाचून दाखवली. शेवटच्या शब्दाशी त्यानं मान हलवली. बोचकं सोडलेलं होतं, गोधडी दोरीवर वाळत होती. गुणा दोन दिवसांत वाडीतल्यांबरोबर भट्टीवर निघणार होती, बापाशिवाय.

ऊन उतरायला लागल्यावर बाई निघाल्या. आठवडाभर सावळ्या वाडीबाहेर पडला नव्हता. आता त्यानं खुंटीवरचा सदरा अंगात चढवला, पायांत टायरच्या चपला घातल्या.

"चला बाय," तो म्हणाला, "तुमाला घालवतो."

वाडीची मागची वाट फाट्याला जवळ पडते. सावळ्यानं ती सोडली आणि गावातला रस्ता धरला. खळ्यांवर माणसं होती, देवळाच्या पारावर चार म्हातारे होते. देवरामच्या घरासमोरून जाताना त्यानं चाल वाढवली नाही. पारावरून कुणीतरी चाचरत विचारलं, "काय सावळ्या, कुठं चाललास?"

सावळ्या थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बायला घालवाया."

 एका म्हाताऱ्यानं पाय आखडून वाट दिली, आणि दुसऱ्यानं उद्या झोडणीला येशील का म्हणून विचारलं. परत येताना सांगतो, असं म्हणून सावळ्या बाईंची पिशवी घेऊन पुढे चालू लागला.